पांजरपोळ आणि जनावरांचे म्हातारपण



1832 सालच्या जून महिन्यात मुंबईच्या कोटात एक दंगा झाला, आणि तो ना जमिनीवरून झाला, ना जकातीवरून. तो झाला कुत्र्यांवरून. उन्हाळ्यात बेवारशी कुत्री मारावीत असा सरकारी दंडक पूर्वीपासून होताच. त्या वर्षी त्याची मुदत वाढविण्यात आली, आणि कुत्र्यामागे आठ आणे हाती पडतात म्हटल्यावर शिपायांनी रस्त्यावरचीच नव्हे, तर लोकांच्या उंबरठ्याआतली पाळीव कुत्रीही ओढून नेण्याचा सपाटा लावला. पारशी समाजात प्रेतसंस्काराच्या विधीतही कुत्र्याला मान. त्यातून हा प्रकार त्यांच्या सणाच्या दिवशी घडला. तेव्हा जमाव खवळला, शिपायांना मार बसला, दुसऱ्या दिवशी दुकाने उघडली नाहीत आणि अखेरीस सरकारला लष्कर आणावे लागले. पुढे दोन वर्षांनी, 1834 साली, जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शहा या धनिकांच्या पुढाकाराने भुलेश्वरास मुंबईचा पांजरपोळ, म्हणजे बेवारशी व निकामी जनावरांचे आश्रयस्थान, स्थापन झाला. जमशेटजींची संपत्ती चीनच्या व्यापारातली, म्हणजे कापसाची आणि अफूची. यातील विसंगती कोणाला बोचत असेल तर बोचो, आश्रयाला आलेल्या जनावरांनी तिची कधी दखल घेतल्याचे ऐकिवात नाही.

ही कल्पना मात्र मुंबईत जन्मलेली नव्हे. गुजरातेतील जैन व वैष्णव महाजने व्यापारी मालावर स्वखुषीने लाग बसवून त्या उत्पन्नातून लुळ्यापांगळ्या जनावरांचा सांभाळ पिढ्यान्पिढ्या करीत आलेली होती, आणि 1623 साली खंबायतेस आलेला पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी तेथील पक्ष्यांचे इस्पितळ पाहून चकित झाला होता. इस्पितळ आणि पांजरपोळ यांत भेद आहे, तो येथे नमूद केला पाहिजे. परळास बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ आहे. तेथे जनावर बरे होण्यासाठी नेतात. पांजरपोळात बहुधा ते येते, ज्याच्या बरे होण्याची आशा मालकाने सोडलेली असते, किंवा जे आजारी नसून केवळ म्हातारे, भाकड आणि म्हणून नकोसे झालेले असते.

बैलाचे वय शेतकरी दातांवरून सांगतो. दुदाती, चौसा, सहादाती अशा पायऱ्यांनी तो चार-पाच वर्षांत जुळतो, पुढे ऐन उमेदीची वर्षे औताला आणि गाडीला जातात, आणि मग ते खालचे आठ दात झिजत झिजत हिरडीला टेकतात. अशा बैलापुढे उत्तम कडबा टाकला तरी तो हुंगतो, एखादे धाट तोंडात घोळवतो आणि सोडून देतो. बघणाऱ्यास वाटते, जनावराची इच्छाच गेली. वस्तुतः गेलेली असते ती चावण्याची ताकद. कडब्याची बारीक कुट्टी करून, ती पाण्याने ओलावून, वर मूठभर भिजवलेली पेंड घालून गव्हाणीत ठेवली की तोच बैल मान खाली घालून सावकाश सगळे संपवतो.

याहून कठीण प्रसंग जनावर बसते तेव्हाचा. म्हातारा बैल बसला आणि त्यास उठता येईना, म्हणजे तो पुन्हा आपल्या पायांवर उभा राहण्याचा संभव फार थोडा, हे गोठ्यातल्या प्रत्येक गड्याला ठाऊक असते. चार-साडेचार क्विंटलचा तो देह एकाच कुशीवर पडून राहिला तर खालचा पाय बधिर होतो, कातडी सडते, जखमेत माशा अंडी घालतात आणि दोन दिवसांत तेथे अळ्या वळवळू लागतात. म्हणून खाली पाचटाचा जाड थर द्यावा लागतो, तो ओला होताच बदलावा लागतो, आणि दिवसातून अनेक वेळा तीन-चार माणसांनी पाय दोरीत घेऊन, एकाने डोके सांभाळून, त्यास या कुशीवरून त्या कुशीवर करावे लागते. ज्या संस्थेत हे काम रात्रीही होते ती संस्था चांगली, असे मी बेलाशक म्हणेन. दरवाजावरची संगमरवरी पाटी आणि तिच्यावरील दात्यांची नामावळी यावरून काहीच कळत नाही.

दात्यांचाही एक दोष सांगणे प्राप्त आहे. संक्रांतीला, पोळ्याला अथवा वडिलांच्या श्राद्धतिथीला मंडळी पुरणपोळ्या, भात आणि पाव यांच्या टोपल्या घेऊन येतात व हाताने भरवून कृतकृत्य होतात. असल्या अन्नाने गुराच्या पोटात आम्ल वाढते, पोट नगाऱ्यासारखे फुगते, आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी पशुवैद्याला धावपळ करावी लागते. पुण्य दात्याच्या पदरी आणि पोटफुगी गाईच्या, अशी ही वाटणी असते.

आता एका नाजूक प्रश्नाकडे वळतो. उपचार संपले, वेदना मात्र संपत नाहीत, अशा जनावराचे काय करावे? 1928 साली साबरमतीच्या आश्रमात हाच प्रश्न एका पंगू वासराने उभा केला. त्याची कूस बदलता येईना, त्यास अन्न घेता येईना, माशा त्यास सुखाने पडू देईनात. गांधीजींनी आश्रमवासीयांशी विचारविनिमय केला. जो जीव आपण निर्माण करू शकत नाही तो घेण्याचा अधिकार आपणास नाही, असा विरोधही तेथे झाला. अखेर डॉक्टरकडून विषाची सुई टोचवून दोन मिनिटांच्या आत त्याची सुटका करण्यात आली. हे गांधीजींनी स्वतः ‘नवजीवना’त प्रसिद्ध केले आणि देशभरातून संतप्त पत्रांचा पाऊस पडला. माझे मत गांधीजींच्या बाजूचे आहे. परंतु त्यास एक अट आहे. कूस बदलणे, जखम धुणे, वेदनाशामक देणे हे सारे करून झाल्यावर आलेला तो निर्णय असावा. गव्हाणीतला चारा वाचविण्यासाठी काढलेली ती पळवाट नसावी. उलटपक्षी, अळ्या पडलेले जनावर आठवडेच्या आठवडे कण्हत ठेवून त्यास जीवदया म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही.

आपल्या 1960 च्या प्राणी-क्रौर्य-प्रतिबंधक कायद्याने ही वाट मोकळी ठेवलेली आहे: जनावर जिवंत ठेवणे हेच क्रौर्य ठरेल असा दाखला पशुवैद्याने दिला, तर त्यास मरण देता येते. त्याच कायद्यान्वये जनावर भुकेने वा तहानेने यातना भोगील अशा स्थितीत सोडून देणे हाही गुन्हा आहे, आणि पहिल्या अपराधाबद्दल त्यास दंड आहे कमीत कमी दहा रुपये व जास्तीत जास्त पन्नास. एवढ्यात बैलाचा एक दिवसही निघत नाही.

म्हातारे जनावर खाते तरण्याइतकेच. उत्पन्न मात्र छदामाचे नाही, आणि दुष्काळ पडला की फाटकाशी आणखी दावी येऊन उभी राहतात. तेव्हा माझी विनंती इतकीच की, आपल्या गावाजवळच्या पांजरपोळात सणावारी टोपली घेऊन न जाता एखाद्या साध्या दिवशी भर दुपारी जावे, बसलेली जनावरे कोठे ठेवली आहेत ते स्वतः पाहावे, मग कारकुनास कडब्याचा चालू भाव विचारावा आणि आपल्या ऐपतीप्रमाणे तितक्या पेंढ्यांची पावती दरमहा फाडावी.