आत्ता चालू, आत्ता बंद: जुन्या पिकअपमधला विजेचा बिघाड

ज्यांच्या दारात दहा-पंधरा वर्षं राबलेली पिकअप उभी आहे, त्यांना हा त्रास नवा नाही. पहाटे कांद्याच्या गोण्या भरल्या, चावी फिरवली, तर नुसता 'कट' असा आवाज. पुन्हा फिरवली, पुन्हा 'कट'. चौथ्यांदा मात्र गाडी सुरू होते, जणू काही झालंच नव्हतं. किंवा रात्री घाट उतरताना चाक खड्ड्यात जातं आणि दोन्ही हेडलाइट जातात; पुढच्या खड्ड्याला परत येतात. वायरमनकडे नेली की सगळं ठणठणीत. मग आधी बॅटरी बदलली जाते, नंतर सेल्फ, नंतर डायनॅमो. खिसा रिकामा होतो आणि बिघाड आपल्या जागी मजेत असतो.

अशा येऊन-जाऊन असणाऱ्या बिघाडाबद्दल मला एकच गोष्ट सांगायची आहे. तो पार्ट बदलून सापडत नाही. तो घडत असताना मोजला, तर सापडतो.

का, ते बघू. एखादा पार्ट खरोखर जळाला, तर तो जळालेलाच राहतो. जे मधेच चालतं, मधेच बंद पडतं, तिथं बहुतेक वेळा दोष जोडाचा असतो. बॅटरीचा टर्मिनल, वायरीच्या टोकाचं लग, फ्यूजची खाच, कपलरच्या आतली पिन, रिलेचे पॉइंट, आणि सगळ्यांत जास्त सतावणारी अर्थिंग. गाडीत प्रत्येक दिव्याला प्लसची वायर जाते, पण मायनसकडे परतीची वाट बहुतेक ठिकाणी गाडीच्या पत्र्यातून आणि चासीतून असते. म्हणजे मागच्या दिव्याचं अर्धं सर्किट एका बोल्टवर टेकलेलं असतं, आणि त्या बोल्टखाली गंज किंवा रंग असतो.

तेव्हा पहिलं हत्यार म्हणजे वही आणि पेन. गाडीनं दगा दिला की लगेच लिहा: इंजिन थंड होतं की गरम? पाऊस होता का, गाडी नुकतीच धुतली होती का? खड्ड्यात आपटली का? त्या वेळी काय काय चालू होतं? चार-पाच नोंदी झाल्या की त्यांतून काहीतरी दिसू लागतं. धक्क्यानं होत असेल तर सैल जोड, किंवा बाहेरून धड दिसणारी पण आत तारा तुटलेली वायर. पाण्यानं होत असेल तर कपलर आणि दिव्यांचे होल्डर. गरम झाल्यावरच होत असेल तर सेल्फ, त्याचा सोलेनॉइड, रिले. तांब्याचं तापमान शंभर अंशांनी वाढलं तर त्याचा विरोध जवळजवळ 40 टक्क्यांनी वाढतो, आणि आधीच कुरकुरणारा जोड तेवढ्यावर हात टेकतो. तीन-चार गोष्टी एकदम जात असतील, तर त्या सगळ्यांना मिळून जे एक आहे तिकडे बघा: इग्निशन स्विच, मुख्य फ्यूज, एखादी अर्थिंग. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मिणमिणत असेल, तर बल्ब बदलू नका. त्या दिव्याची अर्थिंग गेली आहे, आणि करंट शेजारच्या बल्बमधून परतीची वाट शोधतोय.

दुसरं हत्यार साधा मल्टीमीटर. काही आकडे टिपून घ्या. गाडी तीन-चार तास उभी असेल तर चांगल्या, पूर्ण चार्ज बॅटरीवर 12.6 व्होल्ट दिसतात. 12.2 दिसले तर ती निम्मी उतरली आहे. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 हवेत. लाइट लावल्यावर आकडा 13 च्या खाली घसरत असेल, तर पट्टा ढिला आहे का, डायनॅमोचे कार्बन झिजलेत का, ते बघा. आणि सेल्फ मारताना बॅटरीवर साडेनऊच्या खाली येऊ नये.

आता खरी मेख. मीटर लावला, 12 व्होल्ट दिसले, म्हणून लाइन चांगली, असं समजायचं नाही. शेतातल्या मोटारीचं तुम्हाला ठाऊक आहे. मोटार बंद असताना व्होल्टेज भरपूर दिसतं. बटण दाबलं की खाली येतं, कारण वाटेतली केबल बारीक किंवा जोड कच्चा असतो. गाडीतही अगदी तसंच. सेल्फ फिरताना 200 अँपिअरच्या आसपास करंट घेतो असं धरा. वाटेतल्या एका जोडाचा विरोध ओहमच्या फक्त शंभराव्या भागाएवढा आहे. 200 गुणिले 0.01, म्हणजे 2 व्होल्ट तिथंच गेले, आणि 400 वॉटची उष्णता त्या जोडावर निघाली. एवढा बारीक विरोध साधा मीटर ओहमवर ठेवून दिसत नाही. म्हणून मोजायचं ते काम चालू असताना.

पद्धत अशी. मीटर व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या प्लसच्या खुंटीवर. क्लिपवर नाही, खुद्द खुंटीवर. दुसरं टोक सेल्फच्या जाड वायरीच्या बोल्टवर. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. कुणाला तरी चावी मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर तेवढे व्होल्ट वाटेत हरवतायत. मग एकेक जोड ओलांडत मोजत जा. जिथं आकडा उडी मारतो, तिथं पाना लावा. तसंच मायनसच्या खुंटीपासून इंजिनच्या धातूपर्यंत मोजा. तिथं पाव व्होल्टच्या वर गेलं की संशय घ्या. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून त्याला बॉडीशी जोडणारी वेगळी अर्थिंगची पट्टी असते. ती तुटली तर सेल्फचा करंट क्लच किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापते. हे अनेकदा कुणाच्या लक्षातच येत नाही.

तिसरं हत्यार टेस्ट लॅम्प: इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब आणि दोन वायरी. मीटर जवळजवळ करंटच घेत नाही, त्यामुळे वायरीत एकच तार शिल्लक असली तरी तो 12 व्होल्ट दाखवतो. बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात, त्याला फसवता येत नाही. संशयित लाइनवर तो लावा आणि वायरिंग एका टोकापासून हळूहळू हलवत जा. जिथं हात लागताच बल्ब लुकलुकला, तिथं थांबा. स्टिअरिंगखालचा गुच्छ, केबिनमधून इंजिनकडे जाणारं भोक, बॅटरीच्या ट्रेखालचा भाग आणि हौद्याखालच्या चासीच्या क्लिपा, एवढ्या जागा आधी. उंदरांनी कुरतडलंय का, तेही बघा.

चालत्या गाडीतही हीच युक्ती चालते. अनेक जुन्या डिझेल पंपांवर सोलेनॉइड असतो. त्याला वीज मिळते तोवरच डिझेल जातं. गाडी धक्क्यानं बंद पडत असेल, तर त्या सोलेनॉइडच्या लाइनवरून फ्यूज लावून एक छोटा दिवा केबिनमध्ये आणा, आणि शेजारी बसलेल्याला त्याच्यावर नजर ठेवायला सांगा. इंजिन मरताना दिवाही विझला, तर दोष त्या विजेच्या वाटेवर. दिवा जळत राहिला, तर आधी डिझेल फिल्टर आणि पाइपात शिरलेली हवा बघा. एका फेरीत निम्मा तपास संपतो.

जोड सापडला की नुसती टेप गुंडाळू नका. लग आणि पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासा, बोल्ट घट्ट आवळा, मग वरून व्हॅसलिन लावा. काम सुरू करताना बॅटरीचा मायनस आधी काढा, आणि शेवटी लावा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथं विडी-काडी नको. आणि फ्यूजच्या जागी तार किंवा चांदीचा कागद कधीही नको. लाल फ्यूज 10 अँपिअरचा, निळा 15 चा, पिवळा 20 चा. जो होता तोच बसवा. नाहीतर फ्यूजऐवजी वायरिंग जळतं, आणि त्यासोबत गाडीही.

हे सगळं स्वतः करायलाच हवं असं नाही. पण वायरमनकडे जाताना वही घेऊन जा, आणि नवा पार्ट आणण्याआधी त्याला एवढंच म्हणा: "दादा, व्होल्ट कुठं कमी होतोय ते आधी मीटरवर दाखवा." चांगला वायरमन या प्रश्नानं रागावत नाही; तो मीटर काढतो.