डोंगल कुणाच्या पिशवीत?

ताईंनो, अंतरवाली सराटीच्या बैठकीत एकीनं विचारलं, "पेनड्राइव्हसारखी चावी मिळते म्हणं, ती लावल्याशिवाय खातं उघडतच नाही. गटासाठी घ्यायची का?" तिथं जे बोलले तेच इथं लिहिते.

चावी खोटी नाही. ओटीपी आपण घाबरून कुणालाही फोनवर सांगून बसतो. चावी सांगता येत नाही. बँकेसारखी दिसणारी खोटी वेबसाइट समोर आली तरी ती फसत नाही. गूगलनं 2017 पासून आपल्या कर्मचाऱ्यांना अशाच चाव्या वापरायला लावल्या.

पण आपल्या बँकेचं ॲप सहसा ही चावी घेतच नाही, ते सिमकार्ड आणि पिनवर चालतं. उद्या घेतली, तरी एक हरवेल म्हणून दुसरी लागते. खर्च काही हजारांत. आणि गटाच्या खात्यावर सह्या दोघी-तिघींच्या. चावी ठेवायची कुणी?

असलंच डोंगल ग्रामपंचायतीत आहे. वित्त आयोगाचा निधी खर्च करताना सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते, ती डोंगलमध्ये असते. सही सरपंचताईची, पण डोंगल कितीतरी गावांत ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, नाहीतर कारभाऱ्याच्या खिशात. पिनही त्यालाच पाठ! पैसे कुणी सोडले? कागदावर ताईनंच. मला भीती वाटते ती याची. चावी दूरच्या चोराला अडवते, घरातल्याला नाही. चेकवर निदान आपल्या हातानं सही करावी लागते, आणि ती करताना "ठराव झालाय का?" असं विचारता येतं.

आता तुमच्या स्वतःच्या खात्याचं. लाडकी बहीणचे 1,500 रुपये आधार जोडलेल्या खात्यात येतात. तिथून आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा, एवढ्यावर पैसे निघतात. ना ओटीपी, ना चावी. म्हणून आधी एमआधार ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करा. आधारला मोबाइल नंबर जोडलेला हवा. मात्र लॉक असताना रेशनच्या मशीनवरही अंगठा चालत नाही, आधी थोडा वेळ उघडावं लागतं. रांगेत उभं राहून कळण्यापेक्षा आत्ताच सांगते.

पैसे काढताना अंगठा दुसऱ्यांदा मागितला, तर पहिल्या वेळची पावती मागा. भिडेखातर गप्प बसू नका. पैसे गेलेच तर त्याच दिवशी 1930 वर फोन करा, बँकेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

पुढच्या बैठकीला मोबाइल आणि आधार कार्ड घेऊन या. लॉक करूनच उठू.