शिळी पोळी कुणाच्या पानात?

रात्री डब्यात चार पोळ्या उरतात. सकाळी त्या कोण खातं? बहुतेक घरांत आपणच! म्हणून आज डब्याविषयी बोलू या.

तव्यावरची पोळी गरमागरम डब्यात घातली, की वाफेचं पाणी होतं. ओलसर पोळीला पावसाळ्यात लगेच बुरशी धरते. म्हणून आधी ती जाळीवर निववायची, मग सुती फडक्यात गुंडाळून ठेवायची. फडकं रोज धुवायचं. पावाची लादी फ्रिजमध्ये ठेवली तर पाव लवकर कडक होतो. दोन दिवसांत संपणार नसेल, तर फ्रीजरमध्ये ठेवू. बुरशी दिसली, तर तेवढाच तुकडा काढून भागत नाही. तिचे तंतू आतवर गेलेले असतात. तो पाव टाकूनच द्यावा.

चांगल्या उरलेल्या पोळीची फोडणीची पोळी होते, भाकरी ताकात कुस्करता येते. सोलापूरकडे तर ज्वारीची पातळ भाकरी मुद्दाम कडक वाळवून कितीतरी दिवस पुरवतात.

कणीक भिजवण्याआधी एवढं विचारू: आज जेवायला कोण कोण आहे? आणि तरीही उरलंच, तर ते सगळ्यांच्या पानात वाढू.