हुंडीपासून संगणकीय बीजकापर्यंत



संगणकीय व्यापार ही पाश्चात्त्यांची देणगी, असा समज रूढ आहे. यंत्र त्यांचे, हे खरे. परंतु दूरच्या पेढीला कागदाच्या एका पट्टीवरून आदेश जावा आणि त्यावर रोकड मोकळी व्हावी, ही रीत येथील सराफांच्या पूर्वापार अंगवळणी पडलेली होती. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मिळत. मुदती हुंडीचे पैसे मुदत भरल्यावर. तोवर वाट पाहणे परवडत नसेल, तर वटाव सोसून ती दुसऱ्या पेढीवर वटवता येई. मात्र हुंडी सकारली गेली पाहिजे, ही अट होतीच.

आजच्या संगणकीय विनिमयातही सारे अडते ते याच ठिकाणी. मागणीपत्र, बीजक, भरणा यांची माहिती ठरावीक साच्यात एका संगणकातून दुसऱ्यात जाते. भारतीय सीमाशुल्क खात्याने ही पद्धत १९९५ मध्ये दिल्लीत सुरू केली. पुढे १ ऑक्टोबर २०२० पासून पाचशे कोटींवरील उलाढालीच्या व्यापाऱ्यांना जीएसटीचे ई-बीजक सक्तीचे झाले. १ ऑगस्ट २०२३ पासून ही मर्यादा पाच कोटींवर आली. अशा प्रत्येक बीजकाला चौसष्ट अक्षरांकांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. त्याने बीजक नोंदले गेल्याचे सिद्ध होते. खरेदीदाराने देणे मान्य केल्याचे नव्हे.

ही उणीव भरून काढण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने 'ट्रेड्स' ही व्यवस्था आली व २०१७ मध्ये तिचे काम सुरू झाले. लघुउद्योजकाने बीजक तेथे चढवावे, मोठ्या खरेदीदाराने ते सकारावे, बँकांनी वटावाचे दर बोलावेत! जुन्या पेढीवरल्या मुनीमजींना यात नवे असे फारसे काही वाटले नसते. पैसे एक-दोन दिवसांत हाती येतात आणि खरेदीदाराने पुढे बुडवले, तरी बँक विक्रेत्याकडे मागत नाही.

अडीचशे कोटींवरील उलाढालीच्या कंपन्यांना येथे नोंदणी सक्तीची आहे. पण नोंदणी केली म्हणजे प्रत्येक बीजक सकारले जातेच असे नाही. सकारताच देण्याची तारीख पक्की होते, आणि उधारी लांबवण्याची सवय जडलेल्यांना नेमके तेच नको असते. २००६ च्या कायद्यातील पंचेचाळीस दिवसांची मर्यादा सूक्ष्म व लघु उत्पादकांना आणि सेवा देणाऱ्यांना आधार देते. घाऊक व्यापारी मात्र त्या संरक्षणाबाहेर राहतात. म्हणूनच मोठ्या कंपनीचे मागणीपत्र स्वीकारतानाच 'बीजक ट्रेड्सवर सकारले जाईल' ही अट लघुउद्योजकाने त्यात लिहून घेणे श्रेयस्कर. माल पोहोचल्यावर ती घालून घेणे कठीण जाते.