ट्रेक संपतो कधी?

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर मोठमोठे विद्वान येऊन गेले. त्यांच्या पंक्तीत मला बसवण्याचं कारण एवढंच, की थंडीत पचमढीला आणि उन्हाळ्यात हिमालयात जाणाऱ्या आपल्या कॉलनीतल्या टोळीचं सामान माझ्या क्वार्टरमध्ये असतं. चिटणीस म्हणाले, 'तंबू-बिंबूवर काहीतरी बोला.' मी डिप्लोमावाला माणूस. कॅरेज अँड वॅगनमध्ये डब्यांखाली वाकून वीस वर्षं गेली, तेव्हा भाषणाची सवय नाही. सांभाळून घ्या. डोंगरावर काय पाहिलं ते मी सांगणार नाही, ते फोटोत दिसतं. दोन ट्रेकच्या मध्ये सामान घरी पडून असतं, त्या महिन्यांबद्दल बोलणार आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये आम्ही पचमढीला गेलो होतो. शेवटच्या रात्री इतकं दव पडलं, की सकाळी तंबू पिळून काढावा असा ओला. पिपरियाला गाडी पकडायची होती, जीपवाला हॉर्न वाजवत होता. तसाच तंबू गुंडाळला आणि पिशवीत कोंबला. जबलपूरला उतरलो, दुसऱ्या दिवशी ड्यूटी. पिशवी गेली न्हाणीघरावरच्या माळ्यावर. खरं सांगायचं तर त्या आधीची पाच-सहा वर्षंही असंच चाललं होतं. उन्हाळा लागला तशी सौभाग्यवतीनं माळा आवरला आणि पिशवी खाली आली ती थेट कूलरशेजारी. म्हणजे थंडीत न्हाणीघराची वाफ आणि उन्हाळ्यात कूलरची ओल, अशी त्या तंबूची बडदास्त!

मे २०१८ मध्ये तोच तंबू घेऊन आम्ही मनालीच्या वर, ब्यास कुंडाच्या वाटेवर बकरथाचला मुक्काम केला. उंची ३००० मीटरच्या वर. माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची, तिचा हा पहिला हिमालय. संध्याकाळी गारा पडल्या आणि मग पाऊस लागला. रात्री एकच्या सुमारास माझ्या कपाळावर थेंब पडला. टॉर्च लावून पाहतो, तर तंबूच्या शिवणीवरची पट्टी सुटून लोंबत होती आणि आतून कापडाचा पापुद्रा निघत होता. मुलीची स्लीपिंग बॅग एका बाजूनं पूर्ण भिजली होती. ती बॅगही वर्षानुवर्षं छोट्या पिशवीत दाबून ठेवलेली, त्यामुळे आधीच चादरीसारखी पातळ झालेली.

पोर आधी कुडकुडत होती. मी म्हटलं, जॅकेटची चेन लाव. तिला बोटांनी चेन धरता येईना. मी काहीतरी विचारलं, तर म्हणाली, 'बाबा, बस आली का?' शाळेची बस! तो प्रश्न ऐकून माझ्या पोटात जो गोळा आला, तो आजही आठवतो. थंडीनं माणूस असंबद्ध बोलू लागला, की शरीराची उष्णता धोक्याच्या खाली चालली आहे असं समजायचं असतं.

शेजारी दुसऱ्या टोळीचा तंबू होता. त्यांचा हिमाचली वाटाड्या धावत आला. ओले कपडे काढले, कोरडे लोकरीचे चढवले, तिला त्यांच्या कोरड्या बॅगेत घातलं, शेजारी एक ताई तिला कुशीत घेऊन झोपल्या. पुरती शुद्धीवर असल्याची खात्री करून गोड चहा घोट घोट पाजला. हातपाय चोळू दिले नाहीत, अशा वेळी चोळायचे नसतात. पाच वाजता ती म्हणाली, 'बाबा, भूक लागली.' आज ती इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे, म्हणून मी हे उभं राहून सांगू शकतो.

घरी आल्यावर मी खात्यात करतो तेच केलं. फेल्युअरचा तपास. अंगणात तंबू पसरला. कापड हाताला चिकटत होतं, आंबूस वास येत होता आणि आतून कोंड्यासारखे पांढरे कण झडत होते. या कापडाला पाणी आत येऊ नये म्हणून पॉलियुरेथेनचा पातळ लेप असतो. ओल आणि उष्णता एकत्र आली, की तो लेप हळूहळू विघटित होतो. एकदा चिकट होऊन सुटू लागला, की मूळपदावर येत नाही. म्हणजे पावसानं माझा तंबू बिघडवला नव्हता. पावसानं फक्त तो उघडा पाडला. तंबू बिघडला होता माझ्या माळ्यावर. अहवालात 'जबाबदार कर्मचारी' या रकान्यात माझंच नाव लिहावं लागलं.

आपल्यातल्या रेल्वेवाल्यांना माहीत आहे, की गाडी फलाटावर शिरत असते तेव्हाच दोन्ही बाजूंना आमची माणसं बसून चाकं, स्प्रिंगा, लोंबणारे भाग पाहत असतात. त्याला रोलिंग-इन म्हणतात. मग रेक पिट लाइनवर जातो. ज्या डब्यात दोष सापडतो त्याला 'सिक' करून बाजूला काढतात. गाडी सुटायच्या घाईत नव्हे, तर आल्या आल्या दोष शोधायचे, हे मी रोज कारखाली वाकून शिकलो होतो आणि घरी विसरलो होतो. लाइनवर झालेल्या बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा पिटवर राहून गेलेल्या कामात सापडतं.

तेव्हापासून आमच्या टोळीचा नियम झाला: सामान वाळल्याशिवाय ट्रेक संपला असं म्हणायचं नाही. आता काय करतो ते थोडक्यात सांगतो.

तंबू घरी आल्या दिवशीच उघडायचा. माती मऊ फडक्यानं, साध्या पाण्यानं पुसायची. वॉशिंग मशीनमध्ये कधीच घालायचा नाही. दोन्ही बाजूंनी सावलीत वाळवायचा, कारण कडक ऊन नायलॉनला खातं. हाताला कोरडा लागला तरी शिवणी आणि कोपरे ओले असतात, म्हणून आणखी एक दिवस टांगून ठेवायचा. मूळच्या घट्ट पिशवीत न कोंबता सैल सुती पिशवीत ठेवायचा. काठ्यांच्या आत इलॅस्टिकची दोरी असते. काठी मधल्या जोडापासून दुमडत जावी, म्हणजे दोरीवर ताण सारखा येतो.

स्लीपिंग बॅग कधीही दाबून ठेवू नये. तिची ऊब भरावात अडकलेल्या हवेची असते. भराव कायमचा चपटा झाला, तर हवा राहणार कुठे? आईच्या जुन्या सुती नऊवारीच्या मोठ्या पिशव्या शिवून घेतल्या आहेत, त्यात बॅगा मोकळ्या पडून असतात. डांबराच्या गोळ्या टाकत नाही. तो वास रात्रभर नाकात बसतो.

बूट. आमच्या एका निवृत्त ज्येष्ठ सहकाऱ्यांनी महागाचे बूट 'चांगल्या प्रसंगासाठी' म्हणून कपाटात जपून ठेवले होते. काही वर्षांनी धूपगडच्या चढावर पहिल्याच तासात दोन्ही तळवे सुटून आले. साहेब सुतळी बांधून खाली उतरले! अनेक बुटांच्या तळव्यातला मऊ थरही पॉलियुरेथेनचाच असतो. न वापरताही तो आतून कुजतो. म्हणून बूट जपायचे असतील तर अधूनमधून घालून चाला. भिजले तर आतला पाताव काढून वर्तमानपत्राचे बोळे भरा, शेगडीपुढे ठेवू नका.

टॉर्चमधले सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून आतले पत्रे खातात. पॉवर बँक साधारण अर्धी चार्ज करून थंड जागी ठेवा. पाण्याच्या पिशव्या उघड्या तोंडानं वाळवा. सॅकचा प्रत्येक कप्पा उलटा करून झटका. विसरलेला एक शेंगदाण्याचा लाडू उंदरांना पुरेसा असतो, आणि ते चेन उघडून आत जात नाहीत!

स्टोव्ह साफ करून ठेवा, पण गॅसचा डबा त्याला जोडलेला नको. आणि रेल्वेचा माणूस म्हणून हात जोडून सांगतो, तो डबा गाडीतून नेऊ-आणू नका. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम ६७ नुसार धोकादायक वस्तू अशा नेता येत नाहीत. पायथ्याच्या गावात घ्यावा.

एवढं करूनही जबलपूरचा पावसाळा आपलं काम करतोच. म्हणून वर्षातून एकदा आमचं पीओएच असतं. खंडेनवमीला आपण शस्त्रं-हत्यारं पुजतो ना? त्या दिवशी तंबू, बॅगा, बूट, स्टोव्ह सगळं अंगणात मांडतो. प्रत्येक चेन ओढून, प्रत्येक शिवण उजेडात धरून पाहतो. दोष वहीत तारखेसह लिहितो, त्या वस्तूला लाल दोरा बांधतो. मग हळद-कुंकू. लाल दोरा सुटेपर्यंत ती वस्तू डोंगरावर जात नाही, मग ती कोणाचीही असो. तपासाला बसायचा मान माझ्या मुलीचा. ती फार कडक आहे, आणि का ते आता तुम्हाला कळलं असेल.

जाता जाता एक विनंती. विसर्जनाला बहुधा पाऊस असतोच. बाप्पाला निरोप देऊन आपण दमून येतो, आणि ही कनात, तुम्ही बसला आहात त्या सतरंज्या, ओल्याच गुंडाळून मंडळाच्या खोलीत जातात. पुढच्या वर्षी बुरशीचा वास आला, की आपण उदबत्त्या लावतो! तर यंदा विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दहा-बारा जणांनी दोन तास द्यावेत. दोऱ्या मी बांधून ठेवीन, चहा माझ्याकडून. सगळं सुकून घडी झालं, की उत्सव संपला असं म्हणू.

गणपती बाप्पा मोरया!