दुनळीचा सीमाप्रश्न

राजारामपुरीतलं घर आवरून मुलीकडं बेळगावला जायचं ठरलं. भांडीकुंडी टेम्पोत गेली. अडल्या त्या आजोबांच्या बंदुका. मुळात तीन. 2019 च्या कायदादुरुस्तीनं एका माणसाला दोनच ठेवता येतात, म्हणून एक आधीच जमा केली. ते दुःख वेगळं. उरली एक रायफल आणि बारा बोअरची दुनळी. वन्यजीव कायद्यामुळं शिकार बंदच, दसऱ्याला पूजा तेवढी.

बेळगाव तसं जवळ, बोलणंही मराठीच. पण माझा परवाना महाराष्ट्रापुरता! कोगनोळी नाका ओलांडला की तीच बंदूक बेकायदा. काडतुसांचंही तसंच. आणि परवाना माझ्या नावाचा, तेव्हा टेम्पोवाल्याच्या हवाली करून चालत नाही. आधी परवान्याचं क्षेत्र वाढवून घ्यायचं, मग निघायचं. तिथं पोहोचल्यावर तीस दिवसांत दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना कळवायचं.

अर्ज केलाय. तोवर बंदुका आणि काडतुसं परवानाधारक विक्रेत्याकडं ठेवून रीतसर पावती घेतली. मी बेळगावात, दुनळी कोल्हापुरात. यंदा दसऱ्याला पाटावर हळदकुंकू वाहिलं ते त्या पावतीला. नातू म्हणाला, "आजोबा, हिला आवाज येतो का?"