जुना रेडिओ आणि लूज कॉन्टॅक्ट

जुना रेडिओ खरखरू लागला, चापट मारल्यावर पुन्हा बोलू लागला, की आपण त्याला भंगारात काढायला निघतो. खरं तर चापटीनं सुरू होणारा संच आपलं दुखणं स्वतःच सांगत असतो. जळालेला सुटा भाग धक्क्यानं बरा होत नाही. जागेवर येतो तो जोड. सोल्डरला गेलेला तडा हाही जोडच. पिन आणि सॉकेट वरून घट्ट दिसले, तरी धातू धातूला टेकतो तो मोजक्या सूक्ष्म उंचवट्यांवर. तिथं ऑक्साइडचा थर धरला आणि सॉकेटची पकड ढिली झाली, की वाट अडते. जास्त व्होल्टेज हा थर फोडू शकतं, अँटेनातून येणारी दुबळी लहर नाही. म्हणून कधी कधी दिवा लागतो, पण स्टेशन लागत नाही.

जुन्नर-आंबेगावच्या लोकांना सैल जोडाचा मोठा दाखला घरापासून लांब शोधायला नको. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या अवकाशातले अतिशय क्षीण रेडिओ संकेत टिपतात. जवळच्या वीजवाहिनीवर तारा जोडणारा जंपर सैल असेल, तर फटीतून ठिणग्या उडतात. ५० हर्ट्झच्या विजेत दर सेकंदाला निदान १०० वेळा. त्यांचा गोंगाट रुंद पट्ट्यात पसरतो आणि खालच्या वारंवारितांवर अधिक जाचतो. कुणी म्हणेल, संगणक तो गाळतो की! गाळतो, जीएमआरटीत तशी सोय आहेच. पण गाळलेल्या क्षणाबरोबर त्या क्षणाचं निरीक्षणही जातं, आणि बारीक ठिणगी चाळणीतून निसटते. त्यापेक्षा लाइन बंद करून वीज कंपनीच्या माणसानं तो जोड आवळणं मला जास्त शास्त्रीय वाटतं.

दुसरा आक्षेप घरच्या रेडिओबद्दलचा, की आतला प्लग काढून पुन्हा बसवला की काम होतं, मग खटाटोप कशाला? घासल्यानं थर तात्पुरता खरवडला जातो, एवढंच. पकड ढिलीच राहते, म्हणून दुखणं परततं. पॉलिश पेपर तर नकोच. सोन्याचा मुलामा मायक्रॉनच्या हिशेबातला. तो गेला की खालचा धातू उघडा पडून काळवंडतो. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसाव्यात, सॉकेटची पात हलकेच आत घ्यावी, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारलाच तर थेंबभर, नाहीतर त्यावर धूळ बसते. हे सगळं विजेचा प्लग काढूनच करायचं. व्हॉल्व्हच्या संचात मात्र प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये धोक्याचं व्होल्टेज उरतं. तो संच जाणत्या मेकॅनिककडेच न्यावा, आणि भाग बदलण्याआधी जोड तपासायला सांगावं.